बदललेल्या सांध्यात जंतू शिरतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न, अस्थिशल्यचिकित्सकांची उत्तरे

मागील अंकातील गुडघेबदल शस्त्रक्रियेवरील लेखात जंतुसंसर्गाचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. गुडघा किंवा खुबा पहिल्यांदा बदलल्यावर शंभरांत साधारण एक-दोन जणांच्या सांध्यात संसर्ग होतो, एवढेच तेथे म्हटले होते. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ज्या घरावर हा प्रसंग ओढवतो त्या घराला टक्केवारीचा काही उपयोग नसतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि नावे वगळून त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे (वय ६८, मधुमेह आहे) दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले. आज बारावा दिवस आहे. डाव्या गुडघ्याची जखम कोरडी आहे, पण उजव्या गुडघ्याच्या खालच्या टोकाला ड्रेसिंगवर रोज पिवळसर-तांबूस पाण्याचा रुपयाएवढा डाग पडतो. ताप नाही. गावातील डॉक्टरांनी पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या असून टाके काढायला जाल तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असे सांगितले आहे. तोवर थांबले तर चालेल का?

— एक वाचक, तासगाव

उत्तर : थांबू नये. टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता, ज्या सर्जननी शस्त्रक्रिया केली त्यांनाच आज किंवा फार तर उद्या जखम दाखवावी. पहिले दोन-तीन दिवस जखमेतून थोडे रक्त-पाणी येणे अपेक्षित असते. त्यानंतर मात्र ड्रेसिंग कोरडे राहायला हवे, कारण ज्या फटीतून पाणी बाहेर येते त्याच फटीतून त्वचेवरचे जंतू आत उतरू शकतात. पाच ते सात दिवस उलटूनही स्राव थांबत नसेल, तर रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये घेऊन जखम उघडून धुण्याचा गंभीरपणे विचार करावा, असे या विषयातील तज्ज्ञांचे जगभर मत आहे. सासूबाईंना ताप नाही यावर विसंबून राहू नये, कारण कृत्रिम सांध्याच्या संसर्गात, विशेषतः वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत, ताप अनेकदा येतच नाही.

एवढी घाई का, हे समजून घेण्यासाठी सांध्याच्या आत काय चालते ते पाहावे लागेल. धातू आणि प्लास्टिक यांना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तेथे पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत आणि औषधही पुरेसे पोहोचत नाही. एलेक आणि कोनेन या इंग्लंडमधील संशोधकांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. निरोगी त्वचेखाली गळू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस जातीचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागत होते, पण तेथे रेशमाचा एक टाका असला की शंभराच्या आसपास जंतूही पुरत होते. एका टाक्याने एवढा फरक पडतो, तर गुडघ्यात बसवलेल्या धातूच्या दोन मोठ्या भागांनी किती पडत असेल याची कल्पना करता येईल. या पृष्ठभागावर चिकटलेले जंतू काही दिवसांतच स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या बुळबुळीत थरासारखे हे आवरण असते आणि त्याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत जंतूंची वाढ मंदावते, आणि बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूंनाच मारत असल्याने रक्तात औषधाची मात्रा भरपूर असूनही हे जंतू टिकून राहतात.

हा थर पक्का होण्यापूर्वी हालचाल केली तर सांधा वाचण्याची बरीच शक्यता असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, किंवा नंतर कधी अचानक संसर्ग झाल्यास लक्षणे सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, गुडघा उघडून खराब झालेल्या पेशी काढतात, कित्येक लिटर सलाइनने सांधा धुतात, धातूच्या दोन भागांमधली प्लास्टिकची चकती बदलतात आणि तपासणीसाठी नमुने घेतात. हाडाला घट्ट बसलेला धातू जागेवरच राहतो. हीच शस्त्रक्रिया तीन महिन्यांनी केली तर यशाची शक्यता खूप घसरते, आणि मग सगळा सांधा काढण्याची वेळ येते.

गावातील डॉक्टरांनी गोळ्या सद्भावनेनेच दिल्या आहेत. इतर कोणत्याही जखमेसाठी त्या कदाचित योग्य ठरल्या असत्या. येथे मात्र त्या दोन प्रकारे नडतात. वरवरची लाली आणि स्राव कमी होऊन सगळे ठीक असल्याचा भास होतो आणि मोलाचे दिवस निघून जातात, तसेच पुढे सांध्यातील पाणी तपासले तर अर्धमेल्या जंतूंची वाढ होत नाही व नेमका कोणता जंतू आहे हे कळत नाही. म्हणून गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी, पहिली गोळी कधी घेतली ते सांगावे आणि गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे सर्जनना ठरवू द्यावे. रोज ड्रेसिंग बदलताना डागाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. स्राव वाढतो आहे की आटतो आहे, हे शब्दांत सांगण्यापेक्षा त्यातून लवकर कळते. मात्र थंडी वाजून ताप आला, रक्तदाब घसरला, सासूबाई गुंगीत गेल्या किंवा असंबद्ध बोलू लागल्या, तर जंतू रक्तात पसरल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यावे. तेथे प्रतिजैविक देण्यास क्षणभरही विलंब करायचा नसतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा बदलला. पहिले आठ-नऊ महिने उत्तम गेले, नंतर दुखणे सुरू झाले. आता रात्रीही ठणका असतो. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) किंचित वाढलेले आहे. एका डॉक्टरांनी सांधा सैल झाला असावा असे सांगितले, तर दुसऱ्यांना संसर्गाची शंका आहे. गुडघ्यातील पाण्याचा कल्चर रिपोर्ट ‘जंतूंची वाढ नाही’ असा आला. मग संसर्ग नाही, असे समजावे का?

— निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : त्या एका ओळीवरून तसे समजता येणार नाही. आपला रिपोर्ट पुन्हा काढून त्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे नमुना देण्याआधीच्या काळात आपण कोणतेही प्रतिजैविक घेत होता का. खोकल्यासाठी, दातासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी घेतलेली गोळीही येथे धरायची. प्रकृती स्थिर असेल तर पाणी काढण्यापूर्वी किमान दोन आठवडे सगळी प्रतिजैविके बंद असावी लागतात. आपल्याकडे ‘वाढ नाही’ असे जे रिपोर्ट येतात, त्यांतील कितीतरी रिपोर्टांच्या मागे एखादी गोळ्यांची पट्टी दडलेली असते, असा माझा अनुभव आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नमुना किती दिवस वाढीसाठी ठेवला होता. सर्वसाधारण कल्चर दोन ते पाच दिवसांत बंद करून रिपोर्ट दिला जातो. कृत्रिम सांध्यात दबा धरून बसणारे जंतू सावकाश वाढतात, त्यामुळे नमुना चौदा दिवस ठेवण्याची सूचना प्रयोगशाळेला आधीच लेखी द्यावी लागते. पाणी साध्या नळीऐवजी ब्लड कल्चरच्या बाटलीत थेट सोडले तर जंतू सापडण्याची शक्यता आणखी वाढते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि ती म्हणजे त्या पाण्यातील पांढऱ्या पेशींची संख्या. नैसर्गिक गुडघ्यात पू झाला की ही संख्या बहुधा पन्नास हजारांच्या पुढे जाते, त्यामुळे पाच हजारांचा आकडा पाहून ‘किरकोळ सूज’ असा शेरा लिहिला जाण्याचा संभव असतो. कृत्रिम गुडघ्याचे मोजमाप वेगळे आहे. तेथे जुनाट संसर्गाची शंका घेण्यासाठी दर मायक्रोलिटरला तीन हजार पेशी पुरेशा ठरतात, आणि त्यांत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ऐंशी टक्क्यांहून जास्त असतील तर शंका बळावते. म्हणजे जंतू उगवला नसला तरी त्याच कागदावरचा पेशींचा आकडा संसर्गाकडे बोट दाखवत असू शकतो. हा आकडाच रिपोर्टमध्ये नसेल, तर केवळ कल्चरसाठी पाणी पाठवले गेले होते आणि तपासणी पुन्हा करावी लागेल.

आपल्या पत्रातील आठ-नऊ चांगल्या महिन्यांचा तपशील महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून कधीच न थांबलेले दुखणे आणि मध्ये सुखाचा काळ जाऊन नंतर सुरू झालेले दुखणे यांची कारणे वेगवेगळी असू शकतात. सैलपणा आणि संसर्ग हे परस्परविरोधी पर्यायही नाहीत, कारण जुना संसर्गच हाडाची पकड हळूहळू सैल करतो. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर त्या वेळी पाच-सहा ठिकाणचे मांसल तुकडे वेगवेगळ्या स्वच्छ उपकरणांनी घ्यायला हवेत. दोन तुकड्यांत एकच जंतू उगवला तर संसर्ग नक्की मानतात, आणि एकाच तुकड्यात उगवला तर तो त्वचेवरून मिसळलेला असण्याची शक्यता धरतात. आपल्या देशात क्षयाचे जंतू आणि बुरशी यांचीही तपासणी सोबत मागवावी. ती सांगितल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : वडिलांचा (वय ७१) गुडघा चार वर्षांपूर्वी बदलला होता. गेल्या पाच-सहा महिन्यांपासून टाक्यांच्या जागी एक छिद्र पडून त्यातून पू येतो. एक डॉक्टर म्हणतात, सांधा काढून सिमेंटचा ठोकळा बसवू आणि दोन-तीन महिन्यांनी नवा सांधा घालू. मुंबईतील दुसरे डॉक्टर म्हणाले की काही रुग्णांत हे एकाच शस्त्रक्रियेत होते. कोणाचे ऐकावे? शिवाय मागच्या वेळी जखम धुतल्यावर दिलेल्या औषधांत रिफॅम्पिसिन होते. त्याने लघवी नारिंगी झाली आणि औषधाच्या दुकानात ‘हे टीबीचे औषध’ म्हणून सांगितले. वडिलांना टीबी नाही, म्हणून आम्ही घाबरून ते आठ दिवसांत बंद केले. चूक झाली का?

— एक वाचक, संगमनेर

उत्तर : सांध्यापर्यंत जाणारे नासूर असेल तर संसर्गाचे निदान सिद्ध होते, त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज उरत नाही. इतक्या महिन्यांनंतर नुसते धुऊन भागणार नाही, हेही खरे. धातू, प्लास्टिक आणि हाडातील जुने सिमेंट असे सगळे काढावे लागेल, आणि या मुद्द्यावर आपल्या दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. मतभेद आहे तो नवा सांधा केव्हा बसवायचा याबाबत.

एकाच शस्त्रक्रियेत जुना सांधा काढून नवा बसवण्याची पद्धत जर्मनीत हॅम्बुर्ग येथे बुखोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. हाडात सांधा बसवण्यासाठी वापरतात त्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची कल्पनाही त्यांचीच. ब्रिटनमध्ये खुब्याच्या रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर रुग्णांनी सांगितलेल्या वेदना आणि हालचाली दोन्ही गटांत जवळपास सारख्या होत्या, पण एका टप्प्याचे रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागले आणि त्यांच्यावरचा खर्चही कमी झाला. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांचे म्हणणे निराधार नाही. मात्र एका टप्प्यासाठी जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दबतो हे आधी माहीत असावे लागते, तसेच त्वचा आणि मांस सुस्थितीत असावे लागते. वडिलांच्या गुडघ्याला नासूर आहे आणि जंतूचे नाव आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर मी स्वतः दोन टप्प्यांकडे झुकेन. या चाचणीतील रुग्ण खुब्याचे होते आणि गुडघ्यावरची त्वचा अधिक पातळ व नाजूक असते, हेही लक्षात घ्यावे.

ठोकळा म्हणजे स्पेसर. व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन मिसळलेले सिमेंट सांध्याच्या रिकाम्या जागेत बसवतात. त्यातून औषध झिरपून आजूबाजूला इतक्या प्रमाणात साठते की शिरेतून दिलेल्या औषधाने तितके कधीच साठले नसते. काही स्पेसर गुडघा थोडा वाकू देतात, तर काही पाय सरळच ठेवतात. हाड कितपत शिल्लक आहे त्यावर निवड अवलंबून असते. या काळात वडिलांना वॉकर लागेल, शौचालयात उंच भांडे किंवा खुर्ची लागेल आणि घरात कोणीतरी सतत सोबत असावे लागेल. सिमेंटमधील औषधाचा थोडा अंश रक्तात जातो, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते. दुसरा टप्पा नीट पार पडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा संसर्ग आटोक्यात येतो. काही रुग्ण मात्र अशक्तपणामुळे, हृदयविकारामुळे किंवा स्वतःच नको म्हणाल्यामुळे दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि स्पेसरवरच राहतात. दोन टप्पे निवडताना ही शक्यता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावी. फार अशक्त रुग्णांत गुडघा कायमचा सरळ जोडून टाकणे, किंवा सांधा तसाच ठेवून आयुष्यभर सौम्य प्रतिजैविकावर राहणे, हेही वैद्यकशास्त्रात मान्य असलेले मार्ग आहेत. पाय काढण्याची वेळ क्वचित येते.

आता रिफॅम्पिसिनविषयी. हे क्षयाचे औषध आहे, तसेच स्टॅफिलोकोकसच्या बायोफिल्ममध्ये शिरून जंतू मारू शकणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. म्हणूनच जखम धुऊन सांधा जागेवर ठेवला जातो तेव्हा ते देतात. ते एकट्याने कधीच देत नाहीत, कारण जंतू काही दिवसांतच त्याला दाद देईनासे होतात. दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच ते घ्यायचे असते. जोडीतले एक बंद करून दुसरे चालू ठेवले, की जंतूला फावते. लघवी, घाम आणि डोळ्यांतले पाणी नारिंगी होणे निरुपद्रवी आहे. यकृताची तपासणी मात्र लागते. या औषधामुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, त्यामुळे वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक होते आणि पुढेही राहील. औषध न विचारता बंद करणे योग्य नव्हते, पण त्याचा दोष मी आपल्याला देणार नाही. हे औषध टीबीसाठी दिलेले नाही, एवढे एक वाक्य चिठ्ठी देताना कोणीतरी सांगायला हवे होते. झालेला खंड नव्या डॉक्टरांना तारखांसह सांगावा.

औषध किती दिवस घ्यायचे, असा प्रश्न पुढे येईलच. फ्रान्समधील ४१० रुग्णांच्या चाचणीत (२०२१) सहा आठवडे औषध घेतलेल्या गटात सुमारे १८ टक्के रुग्णांचा संसर्ग कायम राहिला किंवा उलटला, तर बारा आठवड्यांच्या गटात हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. सगळे महिने शिरेतूनच औषध हवे, हा समजही मागे पडला आहे. हाडे आणि सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या आठवड्यानंतर योग्य गोळ्या दिलेल्यांचे निकाल शिरेतून औषध घेतलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. जंतूला लागू पडणारी गोळी उपलब्ध असेल तर वडिलांचे रुग्णालयातील वास्तव्य त्यामुळे बरेच कमी होऊ शकते.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या गुडघ्यावर संसर्गामुळे तीन वेळा शस्त्रक्रिया झाली. शेताचा तुकडा गहाण पडला. वहिनी सात महिने रोजगाराला जाऊ शकल्या नाहीत. ही रुग्णालयाची चूक समजायची का? आणि आता पुढच्या शस्त्रक्रियेसाठी मदत कोठे मिळेल?

— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सगळी काळजी घेऊनही काही रुग्णांत संसर्ग होतो, त्यामुळे संसर्ग झाला एवढ्यावरून चूक ठरत नाही. संसर्ग ओळखायला किती वेळ लागला आणि मधल्या काळात काय केले गेले, हे पाहता येते, आणि त्यासाठी कागद हवेत. शस्त्रक्रियेच्या नोंदी, वापरलेल्या सांध्याचे स्टिकर, सगळे कल्चर रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. भांडणासाठी हे कागद लागोत वा न लागोत, पुढच्या सर्जनना ते लागतातच. कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मापाचा सांधा आत आहे हे माहीत नसेल, तर तो काढण्याची हत्यारेसुद्धा आधी मागवता येत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर केंद्राच्या औषध दरनियंत्रण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा कर सोडून ५४,७२० रुपये होती आणि दुसऱ्यांदा बसवायच्या सांध्याची १,१३,९५० रुपये. म्हणजे नुसता धातूच दुप्पट महाग पडतो. त्यावर दोन-तीन वेळची भूल, आठवडेच्या आठवडे रुग्णालय, महागडी इंजेक्शने आणि स्पेसर यांचा खर्च येतो. अमेरिकेत गुडघा आणि खुबा यांच्या संसर्गावरील रुग्णालयीन खर्च २०३० पर्यंत वर्षाला सुमारे १८५ कोटी डॉलरवर जाईल, असा तेथील संशोधकांचा अंदाज आहे. वहिनींच्या बुडालेल्या मजुरीसारखी नोंद कोणत्याच हिशेबात सापडत नाही. एवढ्यावरच हे थांबत नाही. संसर्गासाठी सांधा काढावा लागलेल्यांपैकी साधारण चार-पाच जणांत एक जण पाच वर्षांच्या आत दगावतो, असे परदेशातील अभ्यास सांगतात. त्यात वयाचा आणि इतर आजारांचा वाटा आहे, पण पडून राहण्याचा आणि वारंवारच्या शस्त्रक्रियांचाही आहे. म्हणून भावाचे खाणे, रक्ताचे प्रमाण आणि मनाची उभारी यांकडे जखमेइतकेच लक्ष द्यावे.

मदतीसाठी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना लागू असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटावे. ‘गुडघेबदल’ बसते का, एवढेच विचारू नये. सांधा काढणे, स्पेसर बसवणे आणि दुसऱ्यांदा सांधा बसवणे यांपैकी कोणती प्रक्रिया त्या रुग्णालयात मंजूर होते, हे वेगवेगळे विचारावे, कारण योजनांमध्ये यांची नोंद वेगवेगळी असू शकते. खासगी विमा असेल तर डॉक्टरांच्या पत्रात ‘गुडघेदुखी’ असे मोघम न लिहिता ‘कृत्रिम सांध्याचा जंतुसंसर्ग’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. तीन शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यासाठी ही मोठी सोय आहे.

प्रश्न : पुढील महिन्यात माझा गुडघा बदलायचा आहे. मधुमेह आहे, मिश्री लावते. ‘लॅमिनार फ्लो’ (गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारी यंत्रणा) असलेले थिएटर असेल तरच शस्त्रक्रिया करा, असे मुलगा म्हणतो. ते खरोखर इतके आवश्यक आहे का?

— एक वाचक, चिपळूण

उत्तर : थिएटरमधील हवेचे महत्त्व ज्यांनी जगाला पटवले ते सर जॉन चार्नली. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे त्यांनी खुबाबदल शस्त्रक्रिया विकसित केली, तेव्हा सुरुवातीला त्यांच्या रुग्णांतही संसर्गाचे प्रमाण चिंताजनक होते. त्यांनी गाळलेल्या हवेचे बंदिस्त दालन आणि सर्जनसाठी विशेष पोशाख वापरात आणले, आणि संसर्ग झपाट्याने कमी झाले. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही अतिशुद्ध हवेमुळे संसर्गाचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे दिसले. पुढे शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविक देण्याची पद्धत सर्वत्र रुळली आणि हवेमुळे पडणारा फरक अंधुक होत गेला. इतका की, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केवळ संसर्ग टाळण्यासाठी लॅमिनार फ्लो वापरू नये, असा मर्यादित बळाचा का होईना, सल्ला दिला. अनेक सांधेतज्ज्ञांना तो मान्य नाही. माझे मत विचाराल तर, सोय असल्यास उत्तम, पण ती आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. थिएटरमध्ये सतत ये-जा चालू असेल, तर छतावरच्या महागड्या यंत्राचा उपयोग अर्धाही उरत नाही.

आपल्या हातात याहून मोठ्या गोष्टी आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या वर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सर्जनना आपणच सांगावे. गुडघा कोठेही पळून जात नाही. मिश्री, तंबाखू आजपासून बंद, आणि ती किमान चार आठवडे आधी बंद व्हायला हवी. गेल्या तीन महिन्यांत त्याच गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर न विसरता सांगावे. बरेच रुग्ण ते ‘जेलचे इंजेक्शन’ समजत असतात, म्हणून जुनी चिठ्ठीच दाखवावी. पायाच्या बोटांतील चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, गळू आणि किडलेले दात यांवर आधी उपचार करून घ्यावेत. आदल्या रात्री घरी ब्लेडने पाय साफ करू नये. त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि तेथेच जंतू वाढतात. नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस बाळगणारे लोक साधारण चारांत एक असतात. त्यासाठी काही ठिकाणी नाकात लावायचे मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे स्नान देतात, त्याची चौकशी करावी. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना नि:संकोच विचारावे की चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविक दिले जाईल ना. हा एक डोस, वेळेवर दिलेला, नंतरच्या पाच-सात दिवसांच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. घरी जाताना ‘खबरदारी म्हणून’ दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही.

प्रश्न : खुबा बदलून तीन वर्षे झाली. दाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणतात, आधी प्रतिजैविक घ्या. घ्यावे का? आणि पायाला काटा लागून पू झाला तर तो खुब्यापर्यंत जाऊ शकतो का?

— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दाढेसाठी, एरवी प्रकृती चांगली असेल तर, सहसा नाही. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये, कृत्रिम सांधा आहे म्हणून दातांच्या कामाआधी सरसकट प्रतिजैविक देण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. प्रतिकारशक्ती फार कमी असलेले, पूर्वी त्या सांध्यात संसर्ग झालेले किंवा साखर हाताबाहेर गेलेले रुग्ण याला अपवाद ठरू शकतात, आणि त्यांच्याबाबत सर्जन आणि दंतवैद्य यांनी बोलून ठरवावे. दाढेच्या मुळाशी पू झालेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण तेथे उपचार दाढेसाठीच हवा असतो.

काट्याचे उत्तर मात्र होय असे आहे. त्वचेतला, दातातला किंवा मूत्रमार्गातला जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यावर जाऊन बसू शकतो, आणि तो शस्त्रक्रियेनंतर कितीही वर्षांनी बसू शकतो. त्यामुळे पायातला पू अंगावर काढू नये. हळद-चुना लावून वाट न पाहता तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा आणि त्याचा नमुना तपासायला पाठवण्यास सांगावे. त्यानंतरच्या दिवसांत खुबा किंवा जांघ अचानक दुखू लागली, पाय टेकवेनासा झाला, तर उरलेल्या गोळ्या घरीच सुरू न करता त्याच दिवशी सर्जनना फोन करावा आणि खुब्यातील पाणी काढून तपासण्याविषयी विचारावे. खुबा खोल असतो, तेथील पाणी सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांच्या मदतीने काढावे लागते, आणि ही सोय तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर कोठे जायचे हे आताच विचारून ठेवलेले बरे.